तिची पेन्शन किती?

मागच्या भागात आपण निवृत्तीनंतरच्या आरोग्य विम्याबद्दल बोललो, आणि पुढच्या वेळी पैसे कुठे गुंतवायचे ते पाहू असं मी म्हटलं होतं. तो विषय आज थोडा मागे ढकलतोय. त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा. हा प्रश्न मला हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या विचारला गेला होता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही महूला राहतो. एका पहाटे छातीत दुखायला लागलं, शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि मला इंदूरला नेलं. दोन दिवस आयसीयूत होतो. बाहेर हिला काउंटरवर पैसे भरायला सांगितले. एटीएम कार्ड हिच्या पर्समध्ये होतं, पण पिन माझ्या डोक्यात. बँकेचं अ‍ॅप माझ्या फोनवर, ओटीपी येणार तो माझ्याच फोनवर, आणि तो फोन उघडतो माझ्या अंगठ्याने. अंगठा आत आयसीयूत. शेवटी शेजाऱ्यांनीच पैसे भरले. तिसऱ्या दिवशी वॉर्डात आल्यावर मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण ही रागावली नाही. पाण्याचा ग्लास हातात देत शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्हाला काही झालं असतं, तर मला पेन्शन किती मिळाली असती?"

मित्रहो, मी तीस वर्षं फौजेत काढली. निवृत्त होणाऱ्या जवानांना समोर बसवून पेन्शन, ग्रॅच्युइटी, फंड समजावून सांगितलेत. आणि माझ्याच बायकोच्या या प्रश्नाला मला आकडा सांगता आला नाही. म्हटलं, "घरी गेल्यावर बघून सांगतो."

आता तुम्ही हे वाचताय तिथेच थांबा आणि स्वतःला विचारा. तुमच्या पश्चात तुमच्या पत्नीला दरमहा किती रुपये मिळतील? पत्नी पेन्शनर असेल तर उलट विचारा. आकडा लगेच सांगता आला, तर पुढचा अर्धा भाग वगळलात तरी चालेल.

आकडा काढू. गणित सोपं जावं म्हणून केंद्र सरकारी नोकरीतला माणूस घेऊ, साठाव्या वर्षी निवृत्त झालेला, शेवटचा मूळ पगार एक लाख. जुन्या योजनेप्रमाणे मूळ पेन्शन पन्नास हजार. त्यातला ४० टक्क्यांपर्यंतचा भाग त्याला विकता येतो, म्हणजेच कम्युट करता येतो. आमच्या फौजेत ही मर्यादा ५० टक्के आहे. त्याने वीस हजार कम्युट केले. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला तक्त्यातला गुणक लागतो ८.१९४. वीस हजार गुणिले बारा गुणिले ८.१९४, म्हणजे १९ लाख ६६ हजार ५६० रुपये एकरकमी हातात आले. त्या बदल्यात पंधरा वर्षं त्याला मूळ पेन्शन तीसच हजार मिळणार. महागाई भत्ता मात्र पूर्ण पन्नास हजारांवर मिळतो. भत्ता सोयीसाठी ५० टक्के धरू आणि पुढेही तोच ठेवू. तीस हजार अधिक पंचवीस हजार, दरमहा हातात पंचावन्न हजार. पंच्याहत्तराव्या वर्षी विकलेला भाग परत सुरू होतो आणि हातात येतात पंच्याहत्तर हजार.

हे झालं त्याचं. आता तिचं.

कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते. म्हणजे मूळ तीस हजार, भत्ता पंधरा हजार, एकूण पंचेचाळीस हजार. पण यात एक मधला टप्पा आहे, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. पेन्शनर लवकर गेला, तर सुरुवातीला पत्नीला वाढीव कुटुंब पेन्शन मिळते, आपल्या उदाहरणात पन्नास हजार मूळ. ती सात वर्षं, किंवा तो हयात असता तर ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत चालते. शिवाय नवऱ्याने कम्युट केलेली रक्कम तिच्या पेन्शनमधून कापली जात नाही. ते देणं त्याच्याबरोबर संपतं. म्हणजे तो ६३ व्या वर्षी गेला, तर तिला भत्ता धरून पंच्याहत्तर हजार मिळायला लागतात, तो असताना घरात येत होते त्यापेक्षा वीस हजार जास्त. मुलांना वाटतं, आईचं छान चाललंय. कोणी त्या पैशांवर घराचं काम काढतं, कोणी नातवाच्या फीचा हप्ता आईच्या खात्याला जोडतं. आणि चार वर्षांनी एका महिन्यात खात्यावर पंचेचाळीसच येतात. बँकेत भांडायला गेलेल्या बायका मी पाहिल्यात. बँकेची चूक नसते. पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, दोन्ही आकडे आणि तारीख पहिल्या दिवसापासून छापलेली असते. कोणी वाचलेली नसते, एवढंच.

दुसरी बाजूही पाहा. तो ८० व्या वर्षी गेला तर? तोपर्यंत कम्युटेशन फिटलेलं असतं. शिवाय ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात. घराला त्या मोठ्या रकमेची सवय झालेली असते. आणि तिचं वय साठीचं-सत्तरीचं असलं तर तिला ते जादा टक्के मिळत नाहीत, तिची स्वतःची ८० पूर्ण होईपर्यंत. वाढीव कुटुंब पेन्शनची मुदतही केव्हाच उलटून गेलेली असते. म्हणजे घट सगळ्यात मोठी कधी होते, तर ती म्हातारी असताना, गुडघ्याचं ऑपरेशन डोक्यावर असताना.

साधं गुणोत्तर लक्षात ठेवायचं तर शंभराचे साठ होतात. २०२५ च्या एप्रिलपासून आलेल्या युनिफाइड पेन्शन स्कीममध्येही जोडीदाराला ६० टक्केच आहेत. खासगी नोकरीतल्या ईपीएस-९५ ची पेन्शन मुळातच लहान, आणि विधवेला तिच्याही निम्मी. आता घरखर्च शंभराचे साठ होतो का? सोसायटीचा मेंटेनन्स तेवढाच, लाइटबिल जवळपास तेवढंच, कामवाल्या बाईंचा पगार तोच. एका माणसाचं जेवण आणि त्याचं पेट्रोल कमी होतं. आमच्या घरी आम्ही दोघांनी कागद घेऊन बसून हिशेब केला. म्हणजे तिने केला, मी फक्त पेन्सिल धरली. माझ्याशिवाय घर चालवायला आजच्या खर्चाच्या ऐंशी टक्के लागतील असं निघालं. तुमचं पंचाहत्तर निघेल, कोणाचं नव्वद. तो कागद तिनेच लिहायला हवा. तांदूळ काय भाव आहे हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

मग मधली फट दिसते. समजा ती दरमहा पंधरा हजारांची आहे. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. निवृत्तीच्या वेळी आलेल्या एकरकमी पैशांचं पहिलं काम ही फट बुजवणं हे आहे. मुलाच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट, गावचं घर, गाडी, हे सगळं त्यानंतर.

यासाठी सगळ्यात साधं साधन म्हणजे पोस्टातली किंवा बँकेतली सीनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीम. मर्यादा तीस लाख, मुदत पाच वर्षं, व्याज तीन महिन्यांनी खात्यात. साठीनंतर कोणालाही उघडता येतं, आणि फौजेतून निवृत्त झालेल्याला अटींवर पन्नाशीपासून. २०२३ च्या एप्रिलमध्ये दर ८.२ टक्के झाला. त्या दराने बावीस लाखांवर वर्षाला १,८०,४०० रुपये येतात, म्हणजे आपली फट बरोबर बुजली. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, पण खातं उघडताना जो असेल तो पाच वर्षं टिकतो. तुम्ही वाचाल तेव्हाचा दर पोस्टात विचारून घ्या. खात्यावर पत्नीचं नाव संयुक्त ठेवा. तिचंही वय साठीच्या पुढे असेल तर नवऱ्यानंतर ते खातं तिला मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, मोडायला लागत नाही.

या व्याजात एक उणीव आहे. महागाई भत्ता वाढतो, हे व्याज वाढत नाही. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत पंधरा हजारांची किंमत निम्मी होते. म्हणून सगळं पोस्टात ठेवू नका, थोडे पैसे इंडेक्स फंडासारख्या ठिकाणी दहा-बारा वर्षं न हात लावता राहू द्या. किती, कुठे, ते पुढच्या भागात. मी कोणाचा एजंट नाही हे पुन्हा एकदा सांगून ठेवतो.

इथपर्यंत आकडे झाले. आकडे बरोबर असूनही पैसे अडतात, आणि ते अडतात नावापाशी. हा भाग मराठी घरांत जास्त महत्त्वाचा आहे, का ते सांगतो.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. आता कमी झाली, पण साठी-सत्तरीच्या बायका पाहा. माहेरी एक नाव, सासरी दुसरं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. रेशनकार्डावर सासरचं. आधार काढताना समोरच्या मुलाने जे ऐकलं ते. त्यात महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांची आणखी एक तऱ्हा. मध्य प्रदेशात, उत्तरेत मधलं नाव लिहायची पद्धत नाही, म्हणून तिथल्या बँकेने नवऱ्याचं नाव गाळलं आणि शेवटी 'देवी' किंवा 'बाई' जोडलं. कर्नाटकात आद्याक्षरं पुढे गेली. एकाच बाईची चार नावं, आणि चारही खरी.

माझ्या पलटणीतले एक सुभेदार साहेब होते, सातारा जिल्ह्यातले. निवृत्त होऊन गावी गेले आणि काही वर्षांनी वारले. त्यांच्या पत्नीचं नाव फौजेच्या रेकॉर्डमध्ये लग्नानंतरचं, कारण लग्नाची नोंद करताना त्यांनी ते दिलं. आधार आणि बँकेचं पासबुक माहेरच्या नावाने, कारण त्या बरीच वर्षं माहेरी राहून मुलांना शिकवत होत्या. जन्मतारखेतही दोन वर्षांचा फरक. कुटुंब पेन्शन सुरू व्हायला अकरा महिने लागले. अकरा महिने त्या बाईंनी तहसील, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि नोटरी असे फेरे घातले, भावाकडून पैसे घेऊन. त्यांचा मुलगा मला फोनवर म्हणाला, "साहेब, आई आता आईच आहे हे सिद्ध करतोय." सुभेदार साहेब हयात असते तर हे काम एका प्रतिज्ञापत्राने, त्यांच्या सहीने आणि थोड्या पत्रव्यवहाराने झालं असतं. नवरा जिवंत असताना दुरुस्ती आणि तो गेल्यावर दुरुस्ती, यांत एवढा फरक आहे.

तेव्हा हे काम आधी करा. फौजेतल्यांनी 'स्पर्श' पोर्टल उघडा आणि पत्नीचं नाव, जन्मतारीख, आधार नंबर काय दिसतो ते पाहा. उघडता येत नसेल तर कॉमन सर्व्हिस सेंटरवर जा. चूक असेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, दुरुस्तीचा पीपीओ निघेपर्यंत पाठपुरावा करा. महाराष्ट्राबाहेर असाल तर जिल्हा सैनिक बोर्ड विचारा, काम तेच. सिव्हिलवाल्यांनी पीपीओ काढून आधारच्या शेजारी ठेवा आणि अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. घरात अपंग मूल असेल तर त्याचं नाव आणि प्रमाणपत्र आजच पेन्शनच्या कागदात घालून घ्या. त्याला आयुष्यभर कुटुंब पेन्शन मिळू शकते, पण आईबापांनंतर ती मिळवणं फार जड जातं.

आता बँक. पेन्शनचं खातं पत्नीबरोबर संयुक्त करून घ्या. केंद्र सरकारी पेन्शनरला तशी मुभा आहे, आणि पुढे त्याच खात्यात कुटुंब पेन्शन येऊ शकते. खात्यावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' अशी सूचना हवी, म्हणजे दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकतं. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिला माणूस जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला हात लावता येत नाही. माझी एक मोठी एफडी तशी होती. मी आयसीयूत, म्हणजे जिवंत, म्हणजे ती एफडी हिच्या उपयोगाची नाही! मृत्यूची सोय केली होती, आजारपणाची नाही. आणि एका बँकेत पाच लाखांपर्यंतच ठेव विम्याचं संरक्षण आहे, मुद्दल व्याज धरून. सहकारी बँकांवर जीव टाकणाऱ्या आपल्या लोकांना हे मी दर भागात सांगतो.

नॉमिनीबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक किंवा म्युच्युअल फंड पैसे त्याच्या हातात देते, पण ते वारसांसाठी सांभाळायचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत हे १९८३ मध्ये सांगितलं, शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्ये. विम्याचा कायदा २०१५ ला बदलला, तिथे आता नवरा-बायको, मुलं, आईवडील यांना नॉमिनी केलं तर रक्कम त्यांचीच होते. बाकी ठिकाणी जुनाच नियम. आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाची मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, यांच्यात सारखी वाटली जाते. 'माझ्यानंतर सगळं हिचंच' असं म्हणणारे बरेच आहेत. लिहून ठेवलं नसेल तर सगळं हिचं नाही. दोन मुलं आणि म्हातारी आई असेल तर हिचा चौथा हिस्सा.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. एक गंमत सांगतो. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात प्रत्यक्ष युद्धावर असलेल्या सैनिकाला तोंडी मृत्युपत्र करायची सवलत आहे. मोहीम संपून माणूस सुखरूप राहिला तर ती सवलत जाते आणि महिन्याभरात ते तोंडी मृत्युपत्र रद्द होतं. मी एका उंच चौकीवर असताना माझ्या सीनियरला सगळं तोंडी सांगून ठेवलं होतं. परत आलो, सुरक्षित झालो आणि पुढची पंचवीस वर्षं लेखी काहीच केलं नाही. धोका होता तेव्हा अक्कल होती.

गावाकडे जमीन असेल आणि तुम्ही बडोद्यात किंवा हैदराबादेत असाल, तर सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे का ते पाहा. वारस नोंदीचा अर्ज आता ई-हक्कवर घरबसल्या करता येतो. जमिनीचा विषय मोठा आहे, स्वतंत्र भाग करू.

शेवटचं काम. फौजेत बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. नुसत्या किल्ल्या देऊन भागत नाही. नवा माणूस प्रत्येक खोली उघडतो, सामान मोजतो, जे कमी निघेल ते लिहितो, मग दोघं सही करतात. आम्ही घरी तसाच चार्ज दिला-घेतला. एका वहीत खाती, लॉकर, पॉलिसी, पीपीओ नंबर, कोणाचे किती येणे-देणे, सगळं लिहिलं. पिन आणि पासवर्ड वहीत नाहीत. ते बंद पाकिटात कपाटात आहेत, आणि हिच्या बोटाने आता माझा फोन उघडतो. नंतर मी एक महिना कशालाही हात लावला नाही. लाइटबिल, सिलिंडर, औषधं, बँकेतली एफडी नव्याने करणं, सगळं हिने केलं. पहिल्या आठवड्यात मला तीनदा विचारलं, दुसऱ्यात एकदा.

तिसऱ्या आठवड्यात हिने पासबुक भरून आणलं आणि ओळीओळीने पेन्सिल फिरवायला लागली. चष्मा नाकावर सरकवून म्हणाली, "हे दर सप्टेंबरला पन्नास हजार कुठे जातात?" एक पॉलिसी निघाली. निवृत्त झालो त्याच महिन्यात बँकेतल्या एका गोड बोलणाऱ्या मुलाने चहा पाजून माझ्या गळ्यात मारलेली. मी ती वहीत लिहायलाच विसरलो होतो. चार्जच्या यादीत हिने लाल पेनने नोंद केली, 'कमी आढळले: एक', आणि माझी सही घेतली. ती पॉलिसी चालू ठेवावी की मोडावी, याचा हिशेब पुढच्या भागात मांडतो.